पडद्याच्या मागून पाहिलेलं पिक्चर

हमीदा, तू मेलीस म्हणून माझा राग गेला असं समजू नकोस. शेवटी आपण दोघी बोलत नव्हतो आणि ते तसंच राहून गेलं. गेलेल्या माणसाशी भांडू नये, असं सगळे म्हणतात. मग मी कोणाशी भांडू? या गावात माझ्याशी भांडण्याइतकी ओळख दुसऱ्या कोणाची राहिली आहे?

तुझी मय्यत उचलली तेव्हा मी तुमच्या ओट्यावर बसले होते. कब्रस्तानात बायांनी जायचं नसतं. तुझा मुलगा युनूस आणि बाकीचे पुरुष गेले, आम्ही बाया मागे राहिलो. रडणाऱ्या रडल्या. मला रडू येत नाही हे तुला माहीत आहे. एक बाई हळूच म्हणाली, या बुढीचं काळीज दगडाचं हाय. दुसरीनं तिला सांगितलं, तसं नाही, तिचं हमीदाशी वाजलं होतं. कशावरून, तिनं विचारलं. "पिक्चरवरून," दुसरी म्हणाली, आणि दोघींनी तोंडाला पदर लावला. हसत होत्या. मयतीच्या घरी.

तू असतीस तर तूही हसली असतीस. पण वाजलं ते पिक्चरवरूनच, आणि मी ते लपवणार नाही. तुझी नात रुबीना नवऱ्याच्या घरी परत जाणार की नाही, हे त्या पिक्चरवर येऊन ठेपलं होतं. ज्यांना हसायचं त्यांनी हसावं.

आपली नवी लग्नं झाली तेव्हा आपल्या देऊळघाटला तंबू लागायचा. सुगी झाली की ट्रक यायचा, चारी बाजूंनी कनात बांधायचे, मधोमध पडदा. पडद्याच्या पुढे पुरुष बसायचे, मागे आपण बाया. पातळ कापडाचा पडदा तो, मागूनही चित्र दिसायचं, फक्त उलटं. म्हणून आपल्या पिक्चरमधली सगळी माणसं डाव्या हातानं जेवायची. मी कितीतरी वर्षं समजत होते की मुंबईत तशीच रीत असेल. तू म्हणायचीस, "म्हनून तर त्याईच्या घरात बरकत नसते."

ज्या पिक्चरवरून आपलं वाजलं, त्याचं खरं नाव तेव्हा आपल्याला कळलंच नाही. मी चौथी शिकलेली, तू मदरशातली थोडी अक्षरं ओळखणारी, आणि पडद्यावरची अक्षरं मागून उलटी. म्हणून आपण पिक्चरला आपलीच नावं ठेवायचो. हे होतं 'भट्टीवाली'. एक गरीब पोरगी मोठ्या घरात दिली जाते. सासू छळते, नवरा आईचं ऐकतो. मग नवरा आजारी पडतो, ही कुठूनशी धावत येते, त्याच्या पाया पडते, सेवा करते, तो बरा होतो. सगळे हसतात, मागे गाणं वाजतं, पडद्यावर मोठी अक्षरं येतात.

ती अक्षरं आली आणि पुरुष उठले. धोतरं झटकत बाहेर गेले. माझ्या नवऱ्यानं कनातीपलीकडून हाक मारली, "चाल व, सरलं." मी म्हटलं, कुठं सरलं, साऱ्या बसल्या हायेत. आपल्याला ती अक्षरं वाचताच आली नव्हती. मशीनवाल्याजवळ रिळांचे डबे उरले होते. तो डोकं खाजवत उभा राहिला, आणि बाया उठत नाहीत हे पाहून त्यानं उरलेली रिळं लावली.

त्या रिळांत सासू तिच्यावर चोरीचा आळ घेते. नवरा सगळ्यांदेखत तिला मारतो. ती कडेवर लेकरू घेऊन घराबाहेर पडते. विटांच्या भट्टीवर कामाला लागते. आणि अगदी शेवटी दुपारच्या वेळी विटांच्या ढिगावर बसून फडकं सोडते, भाकर खाते. शेजारची बाई काहीतरी बोलते आणि ती तोंडात घास असतानाच हसते. मग पडदा पांढरा झाला.

पुरुषांनी ते पाहिलंच नाही. त्यांच्या पिक्चरमध्ये ती पाया पडली आणि सरलं. आपल्या पिक्चरमध्ये ती पाया पडली, सेवा केली, तरी मार खाल्ला, आणि मग निघाली. एकाच तंबूत बसून गावच्या बायांनी एक पिक्चर पाहिलं आणि पुरुषांनी दुसरं. आपल्याला वाटायचं, पुरुषांना शेवटपर्यंत बसायचा धीर नाही.

मला तेच पिक्चर का आवडतं, असं तू दर वर्षी विचारायचीस. तुला गाण्यांची पिक्चरं आवडायची, बर्फाची, पाण्यातल्या नावेची. मला बर्फाशी काय करायचं? मला आवडायचं की ती तोंडात घास घेऊन हसली. पिक्चरमधल्या बाया रडतात तेव्हाही केसाची बट जागच्या जागी असते. जेवताना हसणारी बाई मी तेवढीच पाहिली. ती खरी भुकेली होती आणि ते तिचंच अन्न होतं, असं मला वाटलं. एखादं पिक्चर जन्मभर ध्यानात राहायला एवढं पुरतं. बाकी सारं, कपडे, मारामारी, बंगले, मी कधीच विसरले.

आणि ते ध्यानात राहिलं तुझ्यामुळे. कापूस वेचायला गेलो की तू पिक्चर सांगायचीस. सांगणारीनं मधल्या तासाला, म्हणजे मधल्या ओळीला लागायचं आणि बाकीच्यांनी दोन्ही बाजूंनी, म्हणजे सगळ्यांना ऐकू जातं. बोलता बोलता सांगणारीचा हात मंद होतो, तिचं वजन कमी भरतं, म्हणून तास संपला की प्रत्येकीनं आपल्या ओटीतला मूठभर कापूस तिच्या ओटीत टाकायचा. हे कोणी ठरवलं होतं, मला माहीत नाही. आपण आलो तेव्हा असंच होतं. सासूच्या छळावर तू हळू चालायचीस, गाणं आलं की भरभर. कोणी मागे राहिली तर तू तिच्यासाठी भट्टीचा मालक मधेच घुसवायचीस, जो त्या पिक्चरमध्ये नव्हताच. "थांब व, मालक येऊन राह्यला," म्हटलं की ती मागची पळत यायची. बोंडाच्या काट्यांनी बोटं फाटलेली, आणि तरी बाया म्हणायच्या, आज हमीदा कोणत्या वावरात आहे, तिकडंच जाऊ.

लोक म्हणतात मी त्या पिक्चरच्या नादानं नवरा सोडला. खोटं आहे. मी नवऱ्याच्या हाताला कंटाळून त्याला सोडलं. घरातून निघायला पिक्चर लागत नाही, फक्त मार लागतो. पण निघाल्यावर दुसऱ्या दिवशी काय असतं, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. आई म्हणायची, पुढं अंधार आहे. पिक्चरनं सांगितलं, पुढं विटा आहेत आणि दुपारची भाकर आहे. मी गाव सोडून गेले नाही. नवऱ्याच्या घरापासून दोन गल्ल्या टाकून तुझ्याकडे आले. तू बकऱ्या बाहेर काढल्यास, त्यांची खोली झाडलीस आणि मला म्हणालीस, "वास येईन थोडा." बस, एवढंच. तुझा नवरा कुरकुरला, तुमच्या मोहल्ल्यात आणि आमच्या आळीत दोन्हीकडे बोलणी झाली.  दुसऱ्या दिवशी वेचणीला गेलो आणि तास संपल्यावर तू तुझ्या ओटीतला कापूस माझ्या ओटीत टाकलास. मी कोणतीच गोष्ट सांगितली नव्हती, तरी. त्याबद्दल मी तुला कधी काही बोलले नाही. तशी बोलायची आपली पद्धत नव्हती.

मग ते नवं बियाणं आलं. एका संध्याकाळी कंपनीची गाडी आली, शाळेच्या भिंतीवर पडदा लावला. या वेळी मागून पाहायची सोय नव्हती, आपण सगळ्यांबरोबर पुढे बसलो. त्या पिक्चरात एक शेतकरी होता, त्याची बायको, आणि बोंडअळी. अळीला कोणीतरी जाड भुवया काढल्या होत्या. नवं बियाणं पेरलं आणि अळी तडफडून मेली, शेतकऱ्यानं ट्रॅक्टर घेतला, बायको वेचणीला निघाली. नखं रंगवलेली, हातभर बांगड्या, आणि एका हातानं कापूस वेचत होती. तू साऱ्या गावासमोर म्हणालीस, "एकाच हातानं काऊन वेचते व? दुसऱ्या हातानं काय नवऱ्याले धरून ठेवलं?" बाया लोळून हसल्या. गाडीवाला चिडला. पुरुष मात्र गंभीर होते, त्यांना पिक्चर पटलं होतं. घरी येताना तू मला म्हणालीस, "गोदे, जो खलनायक अर्ध्यातच मरते, तो मेलेला नसते."

पहिली वर्षं चांगली गेली, हे मी खोटं सांगणार नाही. कापसाची पऱ्हाटी बोंडांनी वाकली. पण तो कापूस सगळा एकदम फुटायचा. आधीची वेचणी दिवाळीपासून होळीपर्यंत पुरायची, आता सगळ्या वावरांत एकाच वेळी घाई. बाया मान खाली घालून नुसत्या ओरबाडायच्या. तू मधल्या तासाला लागून 'भट्टीवाली' सुरू केलीस की कोणीतरी म्हणायचं, राहू दे व हमीदा, हात चालव. मूठभर कापूस टाकायची रीत तिथंच मेली. मी टाकत राहिले. तू नको म्हणायचीस आणि ओटी पुढं करायचीस.

आणि मग गुलाबी अळी आली. बोंड बाहेरून हिरवंगार, फोडलं की आत ती बसलेली. तू गावभर म्हणत फिरलीस, पिक्चरचा दुसरा भाग लागला. पहिल्यांदा कोणी हसलं नाही. युनूसच्या वावरातली बोंडं फोडून पाहिल्यावर तूही म्हणायचं सोडलंस. उभ्या पऱ्हाटीत बकऱ्या सोडल्या लोकांनी.

मोताळ्याकडे रुबीनाच्या सासरीही तेच झालं. त्यांच्याकडे अळीचा राग काढायला वावरात कोणी नव्हतं, घरात रुबीना होती. पोरीचा पायगुण वाईट, असं सासूनं म्हटलं आणि नवऱ्यानं हात उचलला. कंपनीच्या गाडीचा पायगुण मात्र कोणी पाहिला नाही. एका सकाळी रुबीना पिशवी घेऊन तुझ्या दारात उभी राहिली. गालावर वळ होता. तू चहा टाकलास. मी समोरच होते. मला वाटलं, झालं, ही आली म्हणजे आली.

खोकला वाढला म्हणून तू घरातच होतीस आणि तुला करमत नव्हतं. पोरगी तुझं मन रमवायला फोनवर जुनी पिक्चरं लावायची. तू तिला 'भट्टीवाली'ची गोष्ट सांगितलीस, एक गाणं गुणगुणून दाखवलंस, आणि तिनं ते पिक्चर शोधून काढलं. तू ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलंस. पुढून. मला बोलावलं नाहीस.

मी आले तेव्हा तू खाटेवर भिंतीला टेकून बसली होतीस. म्हणालीस, "गोदे, आपन उलटं पाह्यलं व. मशीनवाल्यानं शेवटचं रीळ आंधीच लावलं होतं. ती घर सोडते, भट्टीवर जाते, अन् मंग वापस येते. पाया पडते अन् पिक्चर सरते. पुरुष बरोबर उठले होते."

मी म्हटलं, मग काय झालं?

"मंग काय! रुबीनाले वापस जाऊ दे म्हनतो मी. तिच्या नवऱ्याचा चाचा येऊन गेला. पुढं हात नाई लावनार म्हन्ते."

मला असा राग आला की मला काठी सापडेना. एका मशीनवाल्याच्या चुकीवर तू चाळीस वर्षं बायांना वेचणीत हसवलंस, आणि आता त्या फोननं तुला सांगितलं म्हणून सगळं खोटं? मी तुला विचारलं, मागून पाहिलं म्हणून ती भट्टी खोटी होते काय, ती भाकर खोटी होते काय? मी बकऱ्यांच्या खोलीत राहिले ते काय रीळ चुकल्यामुळे? तू म्हणालीस, तुझं वेगळं होतं. मी म्हटलं, काय वेगळं होतं?

तेव्हा तू ते बोललीस.

"तू निंघाली तवा मी होती. तिले कोन हाय?"

"मी हाय."

"तू? तू आता किती दिसाची व?"

मी उठले आणि घरी आले. परत आले नाही. तू निरोप पाठवला नाहीस. पुढं काय झालं ते तुला माहीतच आहे.

आता मी शांत डोक्यानं सांगते, कारण तू मधे बोलू शकत नाहीस. तू भ्याली होतीस. तू कधी कोणाला भ्याली नव्हतीस, ना नवऱ्याला, ना मोहल्ल्याला, ना साऱ्या गावासमोर त्या गाडीवाल्याला. पण युनूसच्या घरात चूल कशी पेटते हे तू रोज पाहत होतीस, आणि तुला तुझा खोकला ऐकू येत होता. पिक्चर नुसतं निमित्त होतं. दुसऱ्या कोणत्या वर्षी ते पाहिलं असतंस तर तूच म्हणाली असतीस की त्या फोनवाल्यानं रीळ चुकवलं. हे मला कळत होतं. कळत होतं तरी मी मागं हटणार नव्हते, आणि आजही हटत नाही. भीतीपोटी दिलेल्या सल्ल्याला मी मान देत नसते, मग तो तुझा का असेना.

तिसऱ्या दिवशी तुझ्या जियारतीला रुबीनाच्या सासरचे आले. नवरा आला, चाचेसासरा आला. फातिहा झाली, चहा झाला, आणि चाचेसासऱ्यानं विषय काढला. पोरीला आज गाडीत बसवून घेऊन जातो, दादीचीही हीच मर्जी होती. सगळे माझ्याकडे पाहायला लागले. आपलं वाजलेलं साऱ्यांना माहीत होतं, बुढी आता काय करते ते त्यांना पाहायचं होतं. मी तोंड उघडणारच होते. पण युनूसनं मला हातानं थांबवलं आणि आतल्या दाराकडे मान वळवली. रुबीना तिथं उभी होती, ओढणी डोक्यावर घेऊन.

ती म्हणाली, "चाचा, दादीनं जे पिक्चर पाह्यलं ते मी बी पाह्यलं. दादी गेल्यावर परत पाह्यलं. ती भट्टीवर रायते तवा सारखी बोलते. मुकादमाशी भांडते, बायांशी हसते. वापस आल्यावर सासू बोलते, नवरा बोलते, डाक्टर बोलते. तिले एक बी बोल नाई. पिक्चर सरेपर्यंत ती बोलतच नाई. मले बोलाचं हाय, चाचा."

चाचेसासऱ्याला काही कळलं नाही. तो युनूसला विचारत होता, कोणतं पिक्चर, कशाचं पिक्चर. नवरा खाली पाहत होता. युनूसला मात्र कळलं. तू त्याला लहानपणी वावराच्या बांधावर झोपवून ती गोष्ट सांगितली होतीस, त्यानंही ती ऐकलेलीच होती. मग तो एवढंच म्हणाला, पोरगी इथं राहीन. ते लोक गेले. कप तसेच पडले होते, ते मी विसळले.

हमीदा, मी ते पिक्चर फोनवर पाहिलेलं नाही आणि पाहणारही नाही. पण जी गोष्ट तू पुढून पाहून चुकवलीस आणि मी मागून पाहून भांडत राहिले, ती त्या पोरीनं बरोबर पकडली. शेवट कोणता आधी लागला नि कोणता नंतर, यात आपण दोघी अडकलो. तिनं एवढंच पाहिलं की बाई कुठं बोलते आणि कुठं बोलत नाही. हे मला सुचलं नाही, तुलाही सुचलं नाही, आणि एवढी वर्षं आपण स्वतःला पिक्चरमधलं कळणाऱ्या समजत होतो.

तू विचारलंस, मी किती दिवसाची. माहीत नाही. गुडघे गेलेत, डावा डोळा गेलाच आहे. पण तुझ्या नातीला मी काल माझ्या घरी घेऊन आले. युनूसच्या घरी जागा नाही, माझ्याकडे एक खोली रिकामी आहे. संध्याकाळी तिनं भाकरी केल्या, जाड केल्या, कडा कच्च्या राहिल्या. मी तसं तोंडावर सांगितलं. ती म्हणाली, तुमाले दात हायेत काय कच्च्या-पक्क्याचं सांगाले? तुझीच नात आहे.

मी गावात सांगत फिरते आहे की हमीदाशी भांडण झालं त्यात मी जिंकले. लोक ऐकून घेतात. कोणी नाही म्हणत नाही, आणि तेच मला सोसत नाही. तुला कबूल नसेल तर उठ, आणि ये भांडायला.